कमी दाबाचा पट्टा आणि अर्ध्यावर सोडलेलं स्पष्टीकरण

सातारा-सांगलीत पाऊस जरा जास्त झाला की दोन वाक्यं कानावर येतातच. पहिलं, ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय.’ दुसरं अलीकडचं, ‘ध्रुवावरचा बर्फ वितळतोय, म्हणून हे सगळं चाललंय.’ दोन्ही वाक्यांत तथ्य आहे. माझी तक्रार एवढीच, की आपण ती जिथं सुरू होतात तिथंच संपवतो.

पहिलं वाक्य घेऊ. ऑगस्ट 2019 मध्ये उपसागरावरचं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र ओडिशात बालासोरजवळ किनाऱ्यावर आलं. ते ठिकाण महाबळेश्वरपासून जवळपास 1400 किलोमीटर लांब. मग पाऊस कोयनेत का? कारण तिकडं दाब उतरला की अरबी समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे जोर धरतात. ते बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि त्याच डोंगराच्या पूर्वेला माण, आटपाडी, जत इथं पाचशेच्या आसपास. म्हणजे दाब उपसागरात उतरतो, पण पाऊस कुठं पडायचा ते आपला डोंगर ठरवतो. बातमीत हा डोंगर कुठंच नसतो.

आता ध्रुवाकडं जाऊ. तिथं दाबाचा खेळ आणखी गुंतागुंतीचा. उन्हाळ्यात जास्त दाब असला की आकाश निरभ्र राहतं आणि उन्हानं बर्फ वितळतो. कमी दाबाचं वादळ ढग आणतं, ऊन अडवतं, पण लाटांनी बर्फ फोडूनही टाकतं. ऑगस्ट 2012 मध्ये उत्तर ध्रुवीय समुद्रावर असंच एक प्रचंड वादळ आलं, केंद्रातला दाब सुमारे 966 हेक्टोपास्कलपर्यंत उतरला. त्या सप्टेंबरात समुद्री बर्फ सुमारे 34 लाख चौरस किलोमीटरवर आला, उपग्रहांच्या नोंदीतला नीचांक! सगळे म्हणाले, वादळानं बर्फ खाल्ला. नंतर संशोधकांनी संगणकावर ते वादळ काढून गणित केलं, तर नीचांक तरीही झालाच असता. बर्फ आधीच पातळ झालेला होता. वादळ निमित्त ठरलं.

आणि त्याच 2012 मध्ये आपल्याकडं काय होतं? माण-खटावात, जतमध्ये दुष्काळ. जनावरं छावणीला. 2019 मध्येही ध्रुवावरचा बर्फ खूप कमी होता, तेव्हा सांगलीत महापूर. म्हणजे ‘बर्फ कमी, म्हणून पूर’ हे सूत्र आपल्याच दोन जिल्ह्यांत टिकत नाही.

मग संबंध नाहीच का? तसंही नाही. गोव्यात वास्को इथं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांचा 2021 चा निबंध सांगतो, की उन्हाळ्यात कारा समुद्रावर बर्फ कमी असेल तर सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढू शकते. बघा, महिना ठरलेला, प्रदेश ठरलेला, आणि शीर्षकातच ‘संभाव्य’ हा शब्द. शास्त्रज्ञ इतकं जपून बोलतात आणि आपण व्यासपीठावरून ऑगस्टचा सांगलीचा पूर त्याच खात्यावर टाकून मोकळे होतो.

यात नुकसान कुणाचं? नदीकाठच्या माणसाचं. आयर्विन पुलावर 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोका पातळी. 2005 मध्ये पाणी 54 च्या जवळ गेलं, 2019 मध्ये 57 च्या वर. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथं दरडी कोसळल्या. या प्रत्येक वेळी कमी दाबाला दोष देता येतो. पण कमी दाबाला नोटीस बजावता येत नाही. धरणात त्या आठवड्यात किती जागा रिकामी ठेवली, पूररेषेत बांधकामाला परवानगी कुणी दिली, दरडीखालची वाडी आधी का हलवली नाही, हे माणसांना विचारायचे प्रश्न आहेत. आभाळाचं कारण सांगितलं की ते विचारायचे राहून जातात.

त्या बर्फाचं गणित इथं लागू पडतं. वादळ काढून टाका आणि विचारा, मागं काय उरतं? बर्फाच्या बाबतीत उत्तर होतं, आधीच आलेला पातळपणा. कृष्णाकाठी कमी दाब काढून टाकला तर पूर येणार नाही, हे खरं. पण कमी दाब दरवर्षी येणारच. पाणी घरात किती शिरणार, हे बऱ्याच अंशी आपण आधी करून ठेवलेल्या गोष्टींवर ठरतं.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात ‘कमी दाबाचा पट्टा’ ऐकलात की तिथं थांबू नका. विचारा, आयर्विनला किती फूट होईल, कधी होईल आणि ते सांगायची जबाबदारी कुणाची? हवामानाच्या बातमीचा आपल्यासाठीचा अर्थ तिथून सुरू होतो.