अंश आहे, छेद नाही: ॲसर-स्वान पेपर कसा वाचाल?

सेथ ॲसर आणि रीटा स्वान यांचा ‘पीडिॲट्रिक्स’मधला १९९८ चा पेपर संशोधनाच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावा. विषय जड आहे, आधीच सांगून ठेवते. अमेरिकेत ज्यांच्या आईवडिलांनी श्रद्धेपोटी औषधोपचार केले नाहीत आणि जी १९७५ ते १९९५ या काळात दगावली, अशा १७२ मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. उपचार मिळाले असते तर प्रत्येक मूल जगण्याची शक्यता किती होती, याचा अंदाज बांधला. १४० मुलांच्या बाबतीत ती ९० टक्क्यांहून जास्त निघाली, आणखी १८ जणांच्या बाबतीत ५० टक्क्यांहून जास्त.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: कंट्रोल ग्रुप कुठंय? तो घेऊन लगेच पेपर बाजूला ठेवू नका. तुलना इथे आहे, फक्त ती बाहेरून आणलेली आहे. न्यूमोनिया, डायबेटिस, अपेंडिसायटिस झालेल्या मुलांना उपचार मिळाले की पुढे काय होतं, हे वैद्यकाला आधीच ठाऊक होतं. ‘हे मूल वाचलं असतं का?’ या प्रश्नाला तेवढं पुरतं.

पण ‘अशा पंथांतली किती टक्के मुलं दगावतात?’ असं विचारलंत की पेपर गप्प बसतो. १७२ हा नुसता अंश आहे. त्या घरांत एकूण मुलं किती होती, आजारी किती पडली, आपोआप बरी किती झाली, हा छेद त्यात नाहीच. त्यामुळे कुणी या पेपरच्या आधारावर मृत्युदर सांगत असेल, तर ते वाक्य खुशाल खोडा.

मला जास्त खटकते ती निवड. मृत्यू सापडले ते कुणीतरी कळवल्यामुळे किंवा नोंदी धुंडाळून, आणि मृत्यूचं कारण ठरवता येईल इतकी कागदपत्रं असतील तरच ते यादीत आले. म्हणजे एकूण आकडा खऱ्यापेक्षा कमीच असणार. उलट १४० चं प्रमाण मात्र थोडं फुगलेलं असू शकतं, कारण फुटलेलं अपेंडिक्स कागदावर स्पष्ट दिसतं आणि कारण न कळलेला ताप यादीबाहेर राहतो. गाळणी एकच, पण ती एक आकडा घटवते आणि दुसरा वाढवते.

आता अवघड भाग. रीटा स्वान आणि त्यांचे पती ख्रिश्चन सायन्स पंथाचे होते. १९७७ मध्ये त्यांचा तान्हा मुलगा मॅथ्यू मेंदूज्वराने गेला. पंथाच्या रीतीप्रमाणे प्रार्थनेवर विसंबून राहण्यात वेळ गेला होता. नंतर त्यांनी पंथ सोडला आणि मुलांना उपचार मिळण्याच्या कायदेशीर हक्कासाठी संस्था काढली. मग हा पेपर पक्षपाती म्हणायचा का? नोंदी कुठे शोधायच्या, हे त्यांच्या दुःखाने ठरवलं असेल. तेवढ्यापुरती शंका जरूर घ्या. पण आजाराचं नाव आणि त्यातून वाचण्याचा दर या गोष्टी कुणीही पुन्हा ताडून पाहू शकतं. ज्यांचं काहीच पणाला लागलेलं नव्हतं, त्यांनी वीस वर्षांत हे मृत्यू मोजले नव्हते, हेही ध्यानात असू द्या.

याच्या जोडीला यिंग चेन आणि टायलर वँडरवील यांचा २०१८ चा पेपर वाचा. लहानपणी किंवा किशोरवयात दर आठवड्याला प्रार्थनेला जाणारी अमेरिकन मुलं तरुणपणी जास्त आनंदी असल्याची शक्यता, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा साधारण १८ टक्क्यांनी जास्त दिसली. अमली पदार्थांचा वापर ३३ टक्क्यांनी कमी. पाच हजारांहून जास्त मुलं, ८ ते १४ वर्षांचा पाठपुरावा, आईची तब्येत आणि घरची आर्थिक स्थिती हिशेबात धरलेली. काम नेटकं आहे. श्रद्धेत वाढण्यात मुलांना काहीतरी मिळतं हे मला त्यातून पटतं, जरी संगत म्हणजे कारण नव्हे हे इथेही लागू आहेच.

मग दोन पेपर एकमेकांच्या विरोधात आहेत? मुलं कोणाची होती ते बघा. दुसऱ्या पेपरचा डेटा ‘ग्रोइंग अप टुडे’ या अभ्यासातला आहे, आणि त्यातल्या मुलांच्या आया ‘नर्सेस हेल्थ स्टडी २’ मधल्या होत्या. म्हणजे सगळ्या नर्स! त्या घरांत रविवारी चर्च असेल, पण पोराचा ताप उतरला नाही तर काय करायचं हेही आईला पक्कं माहीत होतं. आपल्याकडे मिरजेचं वानलेस हॉस्पिटल मिशननेच उभं केलं. प्रार्थना आणि इंजेक्शन एकाच आवारात. ॲसर-स्वान यांच्या यादीतली घरं या दोन्हीपेक्षा वेगळी. एका पेपरचा निष्कर्ष दुसऱ्याच्या घरांना चिकटवता येत नाही.

तेव्हा तुमच्या प्रपोजलमध्ये ‘धार्मिक: होय/नाही’ असा एकच कॉलम असेल, तर गाईडकडे नेण्याआधी त्याचे निदान दोन करा: घरात प्रार्थना होते का, आणि मूल आजारी पडलं की डॉक्टरकडे कितव्या दिवशी नेतात.