खलनायक कुठे आहे?

दलित साहित्यावर प्रस्थापित समीक्षेने जे आक्षेप घेतले, त्यांत एक असा होता की या साहित्यातील सवर्ण माणसे एकसुरी असतात. पाटील आला की तो दुष्ट, भटजी आला की तो कपटी. माणसाच्या मनाची गुंतागुंत या लेखकांना पेलत नाही, असे हे म्हणणे. आक्षेप घेणाऱ्यांतल्या बहुतेकांनी बाबुराव बागूल नीट वाचलेले नव्हते, असे माझे मत आहे. पण त्यांच्या आक्षेपाआड दडलेला एक प्रश्न आपलाही आहे. जातीच्या कथेत नायकाचा शत्रू कोण असतो, माणूस की व्यवस्था?

मध्यंतरी एका महाविद्यालयात 'फँड्री' दाखवला गेला. नंतरच्या चर्चेत एक विद्यार्थिनी उठली आणि तिने विचारले, "सर, यात व्हिलन कोण आहे?" व्यासपीठावरून उत्तर आले, 'समाजव्यवस्था'. सर्वांनी माना डोलावल्या आणि मंडळी समाधानाने चहाला गेली. मला ते समाधान खटकले.

आपल्याकडे नायकाची व्याख्याच मुळात जन्माशी बांधलेली आहे. संस्कृत नाट्यविचाराने नायकाचे धीरोदात्त, धीरललित असे चार प्रकार केले. पण नाटकाचा नायक म्हटला की तो प्रख्यात वंशातला हवा. कुळ आधी, गुण नंतर. मराठीत या रचनेला पहिला मोठा धक्का जोतीराव फुल्यांनी दिला. 1873 साली 'गुलामगिरी'त त्यांनी दशावतारांच्या कथा उलट बाजूने वाचल्या. वामन कपटी ठरला आणि बळी हा प्रजेचा राजा ठरला. शेतकऱ्याच्या घरातली बाई ओवाळताना बळीचे राज्य येवो असे म्हणतच होती. पुराणिकाने ज्याला असुर म्हटले त्याला तिने राजाच मानले होते. फुल्यांनी तिची साक्ष ग्रंथात आणली.

पण नायक-खलनायकांची नुसती अदलाबदल केली म्हणजे काम भागत नाही. खलनायक एकच माणूस असला की तो पडद्यावर मरतो, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकाच्या अंगावरची जबाबदारीही मरते. घरी जाताना तो हलका झालेला असतो. याच्या अगदी उलट गंमत बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त (1959) आहे. तिथे खलनायकच नाही. सगळी माणसे सज्जन. अस्पृश्य म्हणून जन्मलेली ती मुलगी ज्या घरात वाढते, त्या घरातली बाई तिला लेक म्हणायला तयार नसते, एवढेच. मग बाई जिन्यावरून पडते, रक्त लागते आणि जुळते ते सुजाताचेच. रक्त दिल्यावर ती लेक होते! चित्रपट हळुवार आहे, नूतन त्यात अविस्मरणीय आहे, हे मान्य. पण माणूस म्हणून स्वीकारले जाण्यासाठी रक्ताची बाटली भरून द्यावी लागते, या हिशेबाकडे त्या हळुवारपणात कुणाचे लक्ष जात नाही.

आता बागूल. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह 1963 साली आला. त्यातल्या शीर्षककथेचा नायक सुरतजवळच्या उधन्याला रेल्वेत नोकरीला जातो. डोक्यावर छप्पर हवे म्हणून जात सांगत नाही. तो कवी आहे. रामचरण तिवारी त्याच्या कवित्वावर भाळतो, त्याला मान देतो. हा तिवारी एकसुरी आहे काय? त्याचे काव्यप्रेम खोटे आहे असे बागूल कुठेही म्हणत नाहीत. ते खरे आहे, म्हणूनच कथा भयंकर होते. जात कळते आणि कालपर्यंत आदराने बोलणारी माणसे त्याला मारतात. दुष्ट माणसाने मारले असते तर ती साधी मारामारीची गोष्ट झाली असती. इथे चांगुलपणा एका शब्दासरशी गळून पडतो.

काशिनाथ त्याला सोडवतो. हा काशिनाथ तापट, जात न लपवणारा. मार का खाल्लास, असे तो विचारतो. त्यावर नायकाचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे: मारले ते या माणसांनी नाही, मनूने. या उत्तरावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. ती क्षमा नाही, शत्रू अचूक ओळखल्याची खूण आहे, असे मीही वर्गात अनेकदा शिकवले आहे. पण हल्ली ती कथा वाचताना माझी नजर उत्तरावर थांबत नाही, काशिनाथकडे वळते. बागुलांनी त्या प्रसंगात दोन माणसे ठेवली आहेत. एकाला मनू दिसतो, दुसऱ्याला मारणारे हात दिसतात. काशिनाथ नसता तर मनूला ओळखणारा नायक उत्तर द्यायला जिवंत राहिला असता का? व्यासपीठावरच्या मंडळींनी कथेतून मनू तेवढा उचलला आणि काशिनाथला उधन्यालाच सोडून दिले.

उलटही घडते. 2006 च्या सप्टेंबरात खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशीची शिक्षा दिली. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. 2010 साली उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली, आणि कारण सूडाचे मानले, जातीचे नव्हे. म्हणजे इथे हात सापडले आणि मनू निर्दोष सुटला. फिर्याद लिहायला बसलेल्या कार्यकर्त्याला दोन्ही लिहावे लागतात, आरोपीचे नावही आणि जातही. समीक्षकाला त्यातून सूट कशी मिळेल?

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने (2014) ही गाठ चांगली धरली. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका गटार कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. सरकारी वकील बाई संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करतात, कुटुंबासह नाटक पाहतात. न्यायाधीश सहलीला जातात. कुणाच्याही डोळ्यांत द्वेष नाही. तरी शाहीर तुरुंगात जातो, पुन्हा जातो. कांबळ्यांची भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले, 'विद्रोही'चे संपादक; 2021 साली करोनाने ते गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा मला आरडाओरड्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. आपल्याला छळणारी माणसे किती साधी असतात, हे त्या चेहऱ्याला पाठ झालेले आहे.

राहता राहिले दोन दगड. श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'च्या (1974) शेवटी जमीनदाराचा मुलगा सूर्या मुक्या किष्टय्याला आसुडाने फोडून काढतो, लक्ष्मी त्याला शाप देते, आणि एक लहान मुलगा सूर्याच्या घराच्या खिडकीवर दगड मारून पळतो. दगड वाड्यावर पडतो. आपण थिएटरात बसून त्या पोराला शाबासकी देऊ शकतो, कारण ती खिडकी आपली नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (2013) जब्या आई-बापाबरोबर डुकरामागे धावतो. गाव बाजूला बसून तमाशा पाहते. त्यात त्याच्या वर्गातली मुले आहेत, ज्या शालूसाठी त्याचा जीव झुरतो ती शालूही आहे. सगळे हसतात. जब्याचा दगड सुटतो तो सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे खुर्चीवर बसलेल्याच्या कपाळाकडे. पडदा काळा होतो.

'अंकुर'मधल्या मुलाला वाडा कुठला ते माहीत होते. जब्यासमोर वाडा नाही, हसणारी रांग आहे. 'समाजव्यवस्था' असे उत्तर दिले की ती रांग धूसर होते आणि आपण तिच्यात कुठे बसलो होतो ते पाहायचे राहून जाते.

त्या महाविद्यालयात दिवे लागले तेव्हा मागच्या बाकांवरची तीन-चार मुले कचरूच्या धावण्याची नक्कल करत खिदळत होती. त्या मुलीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, आणि मगच ती प्रश्न विचारायला उभी राहिली होती.