संयुक्त धनुष्य : निर्मितिविद्येच्या लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

शिंग, लाकूड अथवा बांबू आणि जनावराची कंडरा हे भिन्नधर्मी पदार्थ सरसाने एकजीव करून घडविलेले संयुक्त धनुष्य हे आशियाई हस्तकौशल्याचे एक श्रेष्ठ फळ होय. भारतीय परंपरेला ते अपरिचित नाही. कौटिलीय अर्थशास्त्रातील धनुष्यांच्या यादीत ताड, बांबू व लाकूड यांच्या बरोबरीने शिंगाच्या ‘शार्ङ्ग’ धनुष्याचा निर्देश येतो. परंतु तेथे नाव आहे, कृती नाही. कृतीविषयी सविस्तर लिहिण्याचे लक्षणीय प्रयत्न चीन व तुर्कस्तान येथे झाले. हाताचे ज्ञान या लेखनात कितपत उतरले आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रचनेचे तत्त्व

धनुष्य ओढले असता धनुर्धराकडील बाजू दाबली जाते आणि लक्ष्याकडील बाजू ताणली जाते. दाब सहन करणारे शिंग आतील बाजूस व ताण सहन करणारी कंडरा बाहेरील बाजूस बसवून मधला गाभा लाकडाचा अथवा बांबूचा ठेवला जातो. कंडरेचे तंतू विंचरून, सरसात भिजवून थरांनी बसवितात. ते वाळताना आकसतात आणि धनुष्याला उलट बाक देतात. सरस दमट हवेत मऊ पडत असल्याने हे काम ऋतूवर अवलंबून राहते. घाईने वाळविलेला थर पुढे दगा देतो. म्हणून या विद्येत मापांइतकेच महत्त्व प्रतीक्षेला आहे.

‘काओगोंग जी’ : निकषांचा ग्रंथ

युद्धरत राज्यांच्या काळाशी सामान्यतः जोडल्या जाणाऱ्या ‘काओगोंग जी’ या चिनी ग्रंथात धनुष्यकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गाभ्याचे लाकूड, शिंग, कंडरा, सरस, रेशीम आणि रोगण ही सहा द्रव्ये तो सांगतो व प्रत्येकाचे प्रयोजनही देतो. हिवाळ्यात लाकूड चिरावे, वसंतात शिंग भिजवावे, उन्हाळ्यात कंडरा सिद्ध करावी आणि शरदात तिन्ही जोडावीत, असा क्रम त्यात आहे. शरदात मारलेल्या बैलाचे शिंग जाड, तर वसंतातील पातळ असते, इतके सूक्ष्म निरीक्षण तो नोंदवतो. शीघ्रकोपी माणसाला संथ धनुष्य आणि मंद प्रकृतीच्या माणसाला तीव्र धनुष्य द्यावे, हा त्याचा विचार तर विशेष मननीय आहे. येथे धनुष्याचे मूल्य वापरणाऱ्याच्या प्रकृतीच्या संदर्भात ठरते. तथापि हा ग्रंथ प्रामुख्याने परीक्षकाच्या भूमिकेतून बोलतो. चांगले काय, हे त्यातून कळते. हाताने ते कसे साधावे, हे फारसे कळत नाही.

कानी ते क्लोपस्टेग : भाषांतराचा प्रवास

सुलतान दुसरा महमूद याच्या इच्छेने मुस्तफा कानी याने लिहिलेला धनुर्विद्येचा ग्रंथ इस्तंबूल येथे 1847 मध्ये छापला गेला. त्या वेळी धनुष्य हे युद्धशस्त्र म्हणून मागे पडले होते. साहजिकच ग्रंथाचा कल क्रीडेकडे आहे. योआखिम हाइन यांनी त्याचे जर्मन रूपांतर केले आणि त्याचा आधार घेऊन अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लोपस्टेग यांनी 1934 मध्ये तुर्की धनुर्विद्येवरील आपला ग्रंथ सिद्ध केला. बाणाचा वेग आणि धनुष्याच्या बाहूंचे वजन यांचा संबंध उलगडणे, हे क्लोपस्टेग यांचे निर्विवाद योगदान होय. मात्र त्यांच्या विवेचनात धनुष्य हे ऊर्जा साठविणारे यंत्र ठरते आणि पल्ला हाच श्रेष्ठतेचा प्रमुख निकष बनतो. कारागिराचा निर्णय, चूक व दुरुस्ती यांना तेथे फारसे स्थान उरत नाही.

चेंगडूचा अहवाल

चीनमधील लष्करी परीक्षा 1901 मध्ये बंद झाल्या आणि धनुष्यकारांचा मोठा आश्रय तुटला. या पार्श्वभूमीवर थान तान-च्युंग यांनी 1942 मध्ये चेंगडू येथील धनुष्यकारांच्या कामाची पाहणी केली. त्यांचा अहवाल 1951 मध्ये तैवानमध्ये प्रसिद्ध झाला. द्रव्ये, अवजारे व कामाचे टप्पे यांची नोंद त्यांनी काम प्रत्यक्ष पाहून केली, हे त्याचे वेगळेपण. भाषा निरलंकृत आहे, सिद्धान्ताचा आव नाही. मर्यादा एवढीच की, हे निरीक्षकाचे लेखन आहे. कानस नेमकी केव्हा थांबवावी, हे करणाऱ्याच्या बोटांना कळते. पाहणाऱ्याला केवळ ती थांबलेली दिसते.

निष्कर्ष

‘काओगोंग जी’ निकष देतो, क्लोपस्टेग कारण देतात आणि चेंगडूचा अहवाल कृती देतो. या तिहींमध्ये अहवालाचे मूल्य अधिक मानावे लागते, कारण तो कारागीर हयात असताना लिहिला गेला. तुर्की विद्येच्या अलीकडील पुनरुज्जीवनात ग्रंथांबरोबर संग्रहालयांतील जुनी धनुष्ये अभ्यासावी लागली व प्रत्यक्ष घडवून पाहावे लागले. एकट्या ग्रंथावर भागले नाही. उलट बीजिंगच्या ‘जू युआन हाओ’ या कार्यशाळेत ही विद्या कुटुंबात टिकली आणि 2006 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत तिला स्थान मिळाले. लेखन हाताची जागा घेत नाही, हे यावरून स्पष्ट होते. मात्र हात असतानाच झालेले लेखन पुढील हातांना दिशा देऊ शकते. हस्तकौशल्यांचे दस्तऐवजीकरण करणाऱ्या अभ्यासकांनी कृतीबरोबर कारागिराचे निर्णय आणि फसलेले प्रयत्नही नोंदविणे म्हणूनच अगत्याचे आहे.