पंचहौद: चहा आणि देऊळ

नारायण पेठेत पंचहौदचं नाव काढलं की हमखास चहाच निघतो. ऑक्टोबर 1890, मिशनमधला तो चहा, रानडे, टिळक, मग ‘पुणे वैभव’मध्ये छापून आलेली नावं, ग्रामण्य, प्रायश्चित्त. टिळक पुढे राहायला आले ते इथंच, गायकवाडवाड्यात; त्यामुळे ही गोष्ट आपल्याला घरचीच वाटते. माझी तक्रार एवढीच, की चहा कुणी घेतला हे आपल्याला पाठ आहे आणि तिथलं देऊळ आपण पाहिलेलंच नाही. हो, देऊळच. तिथली मंडळी ‘पवित्र नाम देवालय’ म्हणतात.

चहा झाला तेव्हा ही वास्तू नवीकोरी होती, 1885च्या सुमाराची. कॅम्पातलं सेंट मेरीज 1825चं, लष्करासाठी बांधलेलं. पंचहौदचं मात्र गुरुवार पेठेत, ऐन वस्तीत उभं राहिलं. तिथं गेलात तर आधी कमानी बघा. गॉथिकसारख्या टोकदार नाहीत, अर्धगोल आहेत. जाड भिंती, आणि इटलीत असतो तसा चर्चपासून सुटा उभा असलेला उंच चौकोनी मनोरा. युरोपात अकराव्या-बाराव्या शतकात भरात असलेला हा रोमनेस्क घाट.

परका म्हणून तो बाजूला सारणं सोपं आहे. पण जाड भिंत आणि आतला गारवा वाड्यात वाढलेल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मनोऱ्याचं तसं नाही. त्यात आठ घंटा आहेत, आणि तो बोलतो तो साऱ्या शहराशी, तेही जरा वरच्या पट्टीत. आतला भाग मंडळीला जवळ घेतो, मनोरा शहराला ऐकवतो. हे दोन सूर मला जुळलेले वाटत नाहीत. मिशनऱ्यांची अडचणच त्यात दिसते म्हणा ना.

आणि ऐकणारे कोण होते? काशीत शास्त्रार्थ करणारे, 1848मध्ये ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोरे या मिशनमध्ये राहिले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला; तिथल्याच भगिनीसंघाच्या सिस्टर्स पंचहौदला काम करत. म्हणजे ज्यांनी सबंध आयुष्य पणाला लावलं, ती माणसं याच आवारातली. आपण मात्र अजून कपबशा मोजतोय.

तिथं उपासना मराठीत चालते. विचारून जा, मागच्या बाकावर बसा, आणि कमानीखाली मराठी कशी ऐकू येते ते बघा.