सुकी वाइन आणि केशरी भात

मिलानला पुतण्याकडे जायचं ठरलं, तेव्हा मी आधी काय घेतलं असेल, तर इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेलं, इटालियन खाण्यापिण्याच्या शब्दांचं एक चिमुकलं पुस्तक. शर्टाच्या खिशात मावणारं. बँकेत वीस वर्षं लेजरं वाचलेल्या माणसाला अकारविल्हे लावलेलं काहीही कादंबरीसारखं वाचता येतं. विमान उतरेपर्यंत दोन पारायणं झाली.

पुस्तक वाईट नाही हो. 'अन्तीपास्तो' म्हणजे पास्त्याच्या आधीचं नव्हे, जेवणाच्या आधीचं, हे ते नीट समजावतं. 'आल देन्ते' म्हणजे दाताला जरा लागेल असं शिजवलेलं. (आमची ही त्याला 'कच्चट' म्हणते.) 'वर्मिचेल्ली' म्हणजे बारके किडे! आपल्याकडे शेवयांच्या पुड्यावर इंग्रजीत हेच नाव असतं, हे मी हिला अजून सांगितलेलं नाही. घरात खीर बंद व्हायची.

वाइनचं प्रकरण तर झकासच. 'सेक्को' म्हणजे सुकी. आता पातळ पदार्थ सुका कसा? तर तीत साखर जवळजवळ उरलेली नसते. काही बाटल्यांवर 'गारान्तीता' असतं. 1963 च्या कायद्यानं केलेली ही सोय. पण हमी कसली, तर द्राक्षं कुठली आणि वाइन कोणत्या नियमांनी केली याची. ती तुम्हांला आवडेल, याची नव्हे. बँक गॅरंटी हाताळलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

माझी तक्रार निराळी आहे. इंग्रजांना जे शब्द येतात असं वाटतं, ते पुस्तकात नाहीतच. 'लात्ते' नाही. मी ऐटीत लात्ते मागवली, तर पोऱ्यानं नुसत्या दुधाचा पेला आणून ठेवला. लात्ते म्हणजे दूध! 'पेपेरोनी'ही नाही. अमेरिकेत त्या नावाचं सॉसेज मिळतं, इटलीत ती ढोबळी मिरची. ही शाकाहारी, म्हणून ती चूक आम्हांला फायद्यातच पडली.

पुढची पडली नाही. 'रिसोत्तो आल्ला मिलानेसे : केशर घातलेला भात', असं पुस्तकात स्वच्छ छापलेलं. मी हिला म्हटलं, "अगं, केशरी भात आहे, घे बिनधास्त." पुतण्या हापिसातून उशिरा पोचला तेव्हा हिचे चार घास झाले होते.

"काकू, थांब!" तो दारातूनच ओरडला. या भातात पारंपरिक रीतीनं गुरांच्या हाडांतला मगज घालतात आणि तो शिजवतात मांसाच्या रश्श्यात.

हिनं चमचा ठेवला. एक शब्द बोलली नाही. घोटभर पाणी पिऊन खिडकीबाहेर पाहत बसली. माझ्याकडे बघितलंही नाही.

बी.कॉम.ला एक चूक शिकवतात. व्यवहाराची नोंदच करायची राहिली, तरी तेरीज जुळते. म्हणून ती चूक कुणाला सापडत नाही. पुस्तकात खोटं अक्षर नव्हतं. केशर होतं, भात होता. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना मगज ही सांगण्यासारखी गोष्टच वाटत नाही, आणि मी ते आमच्यासाठीच लिहिलंय असं समजून वाचत होतो.

रात्री हिनं पुस्तक मागून घेतलं. 'रिसोत्तो'पुढे पेन्सिलीनं लिहिलं : 'चौकशी केल्याशिवाय घेऊ नये.' 'लात्ते'ला आत जागा नव्हती, म्हणून मलपृष्ठावर लिहिलं : 'लात्ते – दूध. ह्यांना विचारू नये.'