हिशेब कुणी मागायचा?

अरांता सांचेझ-विकारिओच्या ‘वामोस!’ (२०१२) या आत्मकथनात खलनायक घरातलेच आहेत. १९८९ मध्ये स्टेफी ग्राफला हरवून फ्रेंच ओपन जिंकणाऱ्या या मुलीचे व्यवहार वडील पाहत. कमाईतलं हाती काही उरलं नाही, हा तिचा आरोप. आईने तो जाहीरपणे फेटाळला. पुढे नवऱ्याशीही काडीमोड झाला. मालमत्ता दडवून बँकेचं देणं चुकवल्याच्या खटल्यात तिने निर्णयांचा भार त्याच्यावर टाकला. २०२४ मध्ये दोघंही दोषी ठरले. वडिलांच्या जागी नवरा आला, वाक्य तेच राहिलं. म्हणून आज हे पुस्तक वाचताना वडिलांपेक्षा निवेदिकेवरच नजर ठेवावी लागते. सतराव्या वर्षी बापाकडे हिशेब कोण मागणार, हे मान्य. पण या लग्नाच्या वेळी ती छत्तीस वर्षांची होती.