भिंतीवरचं चित्र की भिंतच? टॅपेस्ट्रीविषयी

आज भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांबद्दल, म्हणजे टॅपेस्ट्रीबद्दल बोलायचं आहे. खरं तर 'चित्रपट' हा शब्द तिला किती शोभला असता! पण तो सिनेमाने कधीच पळवला, आता परत मागण्यात अर्थ नाही.

सुरुवात कान्टपासून करतो, सवय जात नाही. १७९० च्या 'क्रिटीक ऑफ जजमेंट'मध्ये ५१व्या कलमात तो खोलीतल्या भिंतपडद्यांना आणि सुंदर फर्निचरलाही व्यापक अर्थाने चित्रकलेत जागा देतो. अट एकच, या वस्तू केवळ पाहण्यासाठी असाव्यात. वरवर पाहता केवढा मोठेपणा! सजावटीला थेट चित्रकलेच्या पंगतीला बसवलं. माझं म्हणणं असं, की या पंगतीला बसूनच टॅपेस्ट्रीचं नुकसान झालं. दोष कान्टचा नाही. ते त्याच्या आधी पावणेतीनशे वर्षं सुरू झालं होतं.

आधी वीण समजून घेऊ. साध्या कापडात बाण्याचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. टॅपेस्ट्रीत तो आपल्या रंगापुरतीच जागा विणून मागे फिरतो, आणि घट्ट ठोकल्यामुळे ताणा पार झाकला जातो. आपल्या पैठणीच्या पदरावरचा मोर याच तत्त्वावर विणतात. भरतकामात कापड आधी, नक्षी नंतर. (म्हणून बायोची जगप्रसिद्ध 'टॅपेस्ट्री' ही टॅपेस्ट्री नव्हेच, ते लोकरीचं भरतकाम आहे.) तैलचित्रातही कॅनव्हास आधी असतो. इथे मात्र चित्र उसवलं तर मागे कापड उरतच नाही. द्रव्य आणि आकार यांचा संबंध शिकवताना मी वर्षानुवर्षं ॲरिस्टॉटलचा ब्राँझचा पुतळा वापरला. आता वाटतं, टॅपेस्ट्री बरी होती.

आणि ही घरातली वस्तू होती. दगडी गढ्यांमध्ये तिने ऊब दिली. सरदार मुक्काम हलवताना ती गुंडाळून बरोबर नेत. 'हॅम्लेट'मध्ये पोलोनियस ज्याच्याआड लपतो आणि मरतो, तो हाच पडदा, आरास गावाच्या नावाने ओळखला जाणारा.

१५१५ मध्ये पोप दहाव्या लिओने सिस्टाइन चॅपेलच्या पडद्यांसाठी राफाएलला प्रेषितांच्या जीवनातले प्रसंग रंगवायला सांगितलं. कागदावरच्या या पूर्ण मापाच्या नमुन्यांना कार्टून म्हणतात. त्यातली ७ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत. ब्रसेल्सला पीटर व्हान आल्स्टच्या कारखान्यात त्यांच्या पट्ट्या कापल्या गेल्या. विणकर मागच्या बाजूने विणतो, त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं उलटतं. राफाएलने ते गृहीत धरूनच काढलं. आता गंमत बघा. ख्रिस्त पीटरवर जबाबदारी सोपवतो त्या प्रसंगात राफाएलने ख्रिस्ताचा झगा साधा ठेवला होता. विणकरांनी त्यावर सोनेरी चांदण्या पेरल्या! मोठा सपाट भाग विणीत निर्जीव दिसतो हे त्यांच्या हातांना ठाऊक असणार. याला कुणी ढवळाढवळ म्हणेल. मी याला समीक्षा म्हणतो, माग चालवता चालवता केलेली.

वसारीने या पडद्यांची स्तुती केली ती अशी, की ते विणलेले नव्हे तर कुंचल्याने रंगवलेले वाटतात. विणकराचा याहून गोड शब्दांत अपमान करणं कठीण.

पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जो १६६२ मध्ये राजाचा झाला, हीच स्तुती पुढे नियम बनली. १८व्या शतकात देखरेखीला असलेला चित्रकार उद्री तैलचित्रातली छटा न् छटा मागू लागला. विणकर सांगत होते, हे नाजूक रंग टिकायचे नाहीत. नाहीच टिकले. १८२४ मध्ये तिथल्या रंगशाळेवर शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ आला. तक्रार होती, की काळा रंग फिका दिसतो. त्याने तपासलं, दोष काळ्यात नव्हता, शेजारच्या रंगात होता. शेजार बदलला की रंग बदलतो! मग हजारो छटा हव्यात कशाला? पण गंमत अशी, की याच गृहस्थाने पुढे १४,४०० छटांचं वर्गीकरण मांडलं.

जुन्या लोकांचं मोजक्या रंगांत भागत असे: मंजिष्ठाचा तांबडा, वोड या झाडाचा निळा, वेल्डचा पिवळा. हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळा; तो पिवळा उडून जातो, म्हणून जुन्या टॅपेस्ट्रीतली झाडं निळी दिसतात. फ्रान्समध्ये आन्जे इथली 'अपोकॅलिप्स' १३७० च्या दशकात विणायला घेतली गेली. राज्यक्रांतीच्या काळात तिचे तुकडे करून संत्र्याची झाडं थंडीपासून झाकली, तबेल्यातही वापरले. आपण हळहळतो. पण ऊब देणं हे तिचं जुनंच काम, नाही का? १९३० च्या दशकात झाँ लुर्सा ती पाहून भारावला. त्याने जाड वीण घेतली आणि कार्टूनवर रंगांऐवजी धाग्यांचे क्रमांक लिहायला लागला. त्याचे कोंबडे आणि सूर्य मला जरा जास्तच होतात. पण विणकराला त्याने पुन्हा धाग्याची भाषा दिली, हे मान्य करायला हवं.

आन्जेच्या विणकरांनी टोकं आत घेऊन उलटी बाजूही सुलटीसारखीच पुरी केली आहे. पुढची बाजू उन्हाने विटली; अस्तराआड राहिल्यामुळे खरे रंग आज मागेच आहेत. केवळ पाहण्यासाठी असलेल्या वस्तूची ही न दिसणारी बाजू कान्टच्या अटीत कुठे बसवायची, ते मला अजून जमलेलं नाही. कुणाला सुचलं तर सांगा. प्रश्न घेऊ या.